पिवळ्या मांजराला ओळखणारी मुलगी

पत्र

ताई, मी वेंगुर्ल्याची. दहावीनंतर अकरावी सायन्सला पुण्यात आले, आत्याकडे राहते. चार महिने होत आले, पण मैत्रीण म्हणावी अशी अजून एकही नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर ओळख करून देताना माझ्या तोंडून ‘माका’ निघालं आणि वर्ग हसला. तेव्हापासून ‘ए मालवणी, जरा मालवणीत बोलून दाखव ना’ चालू आहे. एकदा डब्यात बांगडा नेला होता, तर आता मागच्या बाकावरची मुलं मला ‘बांगडा’ म्हणतात. आईचा फोन आला की मी जिन्याखाली जाऊन बोलते, कुणी ऐकू नये म्हणून.

रात्री मी ‘अझुमांगा दाइओ’ ही शाळकरी मैत्रिणींची जपानी कार्टून मालिका बघते. खूप हसते, आणि संपलं की रडू येतं. त्या सहाजणींसारखं माझं कॉलेज का नाही? आई म्हणते, घोड्याएवढी झालीस आणि कार्टून कसली बघतेस. आत्या म्हणते, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून डोळे जातील. परवा प्रॅक्टिकलला वहीच्या मागच्या पानावर मी त्या मालिकेतलं पिवळं मांजर काढलं होतं, ते बघून शेजारची मुलगी हसली. मी पटकन वही मिटली. हे बघणं सोडून द्यावं का? आणि मैत्रिणी करतात तरी कशा?

– वेंगुर्ल्याची एक

उत्तर

अगं, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटाकडे उरकून टाकलंस. शेजारची मुलगी मांजर बघून हसली, तू वही मिटलीस, आणि लगेच पुढचा प्रश्न. जरा थांब. ते मांजर बघून कोण हसेल?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हे मांजर म्हणजे डोक्यावर दोन कान, खाली हात-पाय, बाकी नुसता एक फुगीर ठोकळा. साकाकी नावाच्या मुलीच्या नववर्षाच्या स्वप्नात ते येतं, ‘मी चियोचा बाप’ (चियो ही तिची दोन वेण्यांची छोटी वर्गमैत्रीण) असं गंभीर आवाजात सांगतं, आणि वर ‘मी मांजर नाही’ हेही बजावतं. मालिका न बघितलेल्या माणसाला ते चित्र म्हणजे बिघडलेला बटाटा वाटेल. तो ‘हे काय?’ असं विचारेल किंवा दुर्लक्ष करेल. बघताक्षणी हसू फुटायला ते मांजर ओळखीचं लागतं. आता त्या मुलीला तुझं चित्रच गमतीदार वाटलं असेल, अशीही थोडी शक्यता मी धरून चालते. पण चार महिने तू जिची वाट बघते आहेस, ती बहुधा प्रॅक्टिकलच्या टेबलावर तुझ्या कोपराशी बसलेली आहे, आणि तू तिच्या तोंडावर वही मिटलीस. तिला काय वाटलं असेल? की ही मुलगी शिष्ट आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलला तीच वही, तेच पान उघडं ठेव. बोलायची गरज नाही. फार धीर आला तर मांजराशेजारी दोन वेण्यांची एक छोटी मुलगी काढ आणि पेन तिच्याकडे सरकव. पुढचं तिचं ती बघेल.

आता त्या सहाजणींकडे येऊ. कियोहिको अझुमा यांची ही चित्रकथा 1999 ते 2002 या काळात ‘देन्गेकी दाइओ’ या मासिकात आली. चार-चार चौकटींचे उभे विनोद, सगळे मिळून चार खंड. 2002 मध्येच त्याची 26 भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, झाली. गोष्ट म्हणावी अशी तिच्यात जवळजवळ नाहीच. एका जपानी हायस्कुलातल्या काही मुली पहिल्या वर्षात येतात आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शाळा संपवून बाहेर पडतात. दहा वर्षांची हुशार चियो इयत्ता गाळून थेट हायस्कुलात आलेली आहे. खऱ्या जपानात हे होत नाही, तिथे वयाप्रमाणेच वर्ग मिळतो. बाकी सगळं, म्हणजे क्रीडादिन, शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, सहल, परीक्षेचे निकाल, उन्हाळ्यातला पोहण्याचा तास, तिथल्या कुठल्याही शाळेत घडतं तसंच.

आणि मग ओसाका. तुझ्या पत्रात तिचं नाव नाही याचं मला नवल वाटलं. तुझ्यासारखी तीच तर आहे.

तिचं खरं नाव आयुमु कासुगा. ओसाका शहरातून बदलून टोकियोकडच्या शाळेत येते. जपानात ओसाका म्हणजे विनोदाचं माहेर. दोघांनी मिळून करायची ती झटापटीची विनोदी बडबड, मान्झाई, तिचा बालेकिल्ला हाच. तिथली माणसं मोठ्याने बोलणारी, हजरजबाबी, पैशाला पक्की, असा बाकीच्यांचा ठाम समज. त्यामुळे नवी मुलगी ओसाकाची म्हटल्यावर वर्गातल्या आगाऊ तोमोचे डोळे चमकतात. आता ही धमाल करणार! तोमो तिथल्या तिथे तिचं नाव ‘ओसाका’ ठेवते, आणि पुढे वर्गशिक्षिका युकारी बाईसुद्धा तिला तेच म्हणायला लागतात. तिचं मत कुणी विचारत नाही.

मालवणी माणसाचं हेच झालंय, नाही का? नाटकांनी मालवणीला महाराष्ट्रभर डोक्यावर घेतलं, त्याचा मला आनंदच आहे. पण त्यामुळे कोकणातून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने तोंड उघडलं की तिकीट काढून बसल्यासारखे लोक हसायला तयार असतात. (या मालिकेच्या इंग्रजी डबिंगमध्ये ओसाकाला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा लांबट हेल दिलाय. मराठीत डबिंग झालंच तर तिच्या वाट्याला कुठली बोली येईल, हे मी वेगळं सांगायला नको.)

आता ओसाका काय करते ते बघ. ती लोकांना हवी ती ओसाकावाली होत नाही. ती मुळात संथ आहे. वर्गात तंद्री लागते, धावण्यात मागे, पोहण्यात मागे, विनोदाला उलट टोला द्यायची वेळ आली तर तिला तो दोन मिनिटांनी सुचणार. ती ना कार्यक्रम करून दाखवत, ना बोली लपवत. तिच्याच सुरात, तिचे तिचे प्रश्न विचारत राहते. चियोच्या वेण्या निघून आल्या तर चियोचं काय होईल, असल्या विचारात ती दिवस घालवते. उन्हाळ्यात चियोच्या बंगल्यावर मुक्कामाला गेल्यावर झोपलेल्या युकारी बाईंना दचकवून उठवायचं ठरतं, तर बडवायच्या तव्याऐवजी ही पोरगी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन त्यांच्या उशाशी उभी राहते, आणि आपल्या हातात काय आहे हे तिच्या लक्षातच नसतं. मालिकेतला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग हाच. मुद्दा असा की थोड्याच दिवसांत वर्ग हसतो तो आयुमु कासुगाच्या डोक्यातून काय निघतं त्यावर. तिच्या गावाशी त्याचा संबंध उरत नाही. नाव तेच राहतं, पण त्याच्या आत माणूस दुसराच बसलेला असतो.

म्हणून मागणीवर मालवणी बोलून दाखवू नकोस. रागावून नव्हे, सरळ आवाजात सांग, ‘आईशी बोलताना बोलते, असं दाखवायला नाही जमत.’ एवढंच, पुढे स्पष्टीकरण नको. आणि त्याच वेळी ते जिन्याखाली जाणं बंद कर. फोन आला की जिथे उभी आहेस तिथेच उचल आणि आईशी घरी बोलतेस तसंच बोल. पहिल्या दिवशी दोघं-तिघं माना वळवतील, चौथ्या दिवशी कुणी वळवणार नाही. लपवलेली गोष्ट खाजवून काढण्यात पोरांना मजा येते, रोज कानावर पडणाऱ्या गोष्टीत काय मजा?

पण ‘बांगडा’ हे प्रकरण निराळं. ‘मालवणी’ या नावात तुझं गाव आहे, ‘बांगडा’मध्ये तुझ्या डब्याचा वास आहे. पहिलं प्रेमानेही म्हणता येतं. दुसऱ्यात ‘तुमच्यातलं खाणं आम्हाला घाण वाटतं’ हे कुठेतरी दडलेलं असतं, म्हणणाऱ्याला ते कळो न कळो. पुण्यात डब्यातल्या मासळीवरून काय काय बोललं जातं हे मला चांगलं ठाऊक आहे. चित्रकथेत टोपणनावं बोचत नाहीत, कारण कुणाच्या मनात काय आहे ते लेखक ठरवतो. वर्गात ते तुला तपासावं लागेल. त्या मुलांमधला जो जरा बरा वाटतो त्याला एकट्याला गाठ आणि सांग, ‘मला माझ्या नावाने हाक मार. बांगडा म्हटलेलं मला आवडत नाही.’ चारचौघांत नको, तिथे त्याला हुशारी दाखवावीच लागेल. ती मुलं थांबली तर ती नुसती मठ्ठ होती, विषय संपला. सांगूनही थांबली नाहीत तर ती चेष्टा उरत नाही. मग वर्गशिक्षकांकडे जायचं आणि आत्यालाही सांगायचं. त्याला चुगली म्हणत नाहीत. आणि हे होईपर्यंत डब्यात बांगडा नेणं थांबवू नकोस, जड वाटत असेल तर एवढंच की सुका ने, कालवण नको. कालवण सांडतं, हे माझं कारण आहे, दुसरं काही नाही.

‘माझं कॉलेज असं का नाही?’ हा प्रश्न तू स्वतःला दोष देत विचारलायस, तसा नको विचारू. कारणं बरीचशी तुझ्याबाहेरची आहेत. जपानी हायस्कुलात वर्ग एका खोलीत बसतो आणि विषयाचे शिक्षक तिथे येतात. चाळिसेक मुलं सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत एकत्र. शाळा सुटल्यावर खोली झाडायची-पुसायची तीही मुलांनीच. महोत्सव आला की अख्ख्या वर्गाने मिळून काहीतरी उभं करायचं, कधी खाण्याचं दुकान, कधी भुताची खोली. क्रीडादिनाला वर्ग विरुद्ध वर्ग. म्हणजे एकमेकींचं तोंड बघितल्याशिवाय त्यांची सुटकाच नाही. तुझी अकरावी कशी आहे? प्रवेश ऑनलाइन यादीतून, सगळे वेगवेगळ्या शाळांतून आलेले. निम्मी मुलं सीईटी-नीटच्या क्लासला, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती उगवणारी. लेक्चर संपलं की जो तो आपल्या गाडीच्या किल्ल्या शोधतो. अशा ठिकाणी चार महिन्यांत सहाजणींचा घोळका झाला असता तरच मी चकित झाले असते.

आणि त्या सहाजणींचा तरी पहिल्या दिवशी कुठे होता? तोमो आणि योमी आधीपासूनच्या मैत्रिणी. बाकीच्या एकेक करून जोडल्या गेल्या. कागुरा तर पहिल्या वर्षी दुसऱ्याच वर्गात, न्यामो बाईंच्या, होती. ती साकाकीला क्रीडादिनातली आपली कट्टर प्रतिस्पर्धी मानत असते आणि साकाकीला याचा पत्ताही नसतो. मैत्रीण होते ती दुसऱ्या वर्षी वर्गात आल्यावर.

साकाकीकडे नीट बघ, ओसाकाइतकीच ती तुझ्या कामाची आहे. उंच, अबोल, खेळात पहिली. सगळा वर्ग समजतो की ही गूढ आहे, कणखर आहे, हिला कुणाची गरज नाही. खरं तर तिला मांजरं नि मऊ खेळणी प्रचंड आवडतात. घरी आईला ॲलर्जी म्हणून मांजर पाळता येत नाही, आणि रस्त्यातल्या मांजराला हात लावायला गेलं की ते कचकन चावतं. हे सगळं ती कुणाला सांगत नाही. आता सांग, प्रॅक्टिकलला वही मिटणाऱ्या मुलीबद्दल वर्गाचं काय मत झालं असेल? गप्प राहणाऱ्याच्या गप्पपणाचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात.

तिची चियोशी गट्टी कशी जमते? गप्पांनी नाही. चियोकडे तादाकिची नावाचा भला मोठा पांढरा कुत्रा आहे, तो चावत नाही. साकाकी त्याला भेटायला जाते, दोघी त्याला फिरवायला नेतात. मन मोकळं करणं, गळ्यात पडणं, असलं काही नाही. कुत्रा चालतो, त्याच्या दोन बाजूंना या दोघी चालतात.

तुलाही एक कुत्रा शोधायचाय. म्हणजे काम. ‘मैत्रिणी करायच्या’ असं ठरवून कुणाशी बोलायला गेलीस तर घशाला कोरड पडेल. पण गॅदरिंगला पडद्यामागे खुर्च्या उचलायला माणसं लागतात, भित्तिपत्रकाला चित्र काढणारी लागते (आणि तू काढतेस!), जर्नल पूर्ण करायला दुसरीचं रीडिंग लागतं. यातलं एक धर आणि वर्षभर सोडू नकोस. पाच ठिकाणी नाव देऊन दोनदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी प्रत्येक वेळी हजर राहणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहते. आणि सहाजणींचा हिशेब डोक्यातून काढ. अकरावीला एक पुरे.

आईचं बघू. ‘कार्टून लहान मुलांचं’ हे आपल्याकडे पक्कं बसलंय, आणि त्यात आईची चूक नाही. आपल्याला जपानी ॲनिमेशन भेटलं ते डोरेमॉन नि शिनचॅनच्या रूपात, हिंदी बोलत. पण आईला विचार, लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायचीस का? तुझ्या आईच्या वयाची बाई ‘नाही’ म्हणाली तर मला कळव. ते जंगल बुकसुद्धा जपानीच होतं, 1989 साली तिकडे बनलेलं. तिच्या डोक्यातलं चड्डीवालं गाणं आपलं होतं एवढंच. मग तिला साकाकीला मांजर चावतं तो एखादा तुकडा शेजारी बसवून दाखव. हसली तर वाद मिटला, नाही हसली तरी तू काय बघतेस हे तिला कळेल. दूर राहणाऱ्या आईला तेच हवं असतं.

एक गोष्ट मात्र तिच्यापासून लपवू नकोस, किमुरा सर. ‘मला हायस्कुलातल्या मुली आवडतात म्हणून शिक्षक झालो’ असं वर्गात उघड सांगणारा माणूस. त्या मासिकाचा वाचक मुख्यतः तरुण मुलगे, त्या काळी हा विनोद खपला. त्याला प्रेमळ बायको देऊन लेखकाने त्याला निरुपद्रवी करायचा प्रयत्नही केलाय. मला तो तेव्हाही आवडला नाही आणि आता तर बघवत नाही. काओरिन नावाची त्यांची बिचारी वर्गमैत्रीण तिसऱ्या वर्षी त्याच्या वर्गात जाते तेव्हा तिचं रडणं विनोद म्हणून दाखवलंय, मला मात्र तीच एकटी शहाणी वाटते. पुढे ढकलत जा ते भाग. आणि खऱ्या कॉलेजात कुणी सर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही बोलले तर हसून सोडायचं नाही, त्याच दिवशी घरी सांगायचं.

राहिली आत्या. डोळ्यांपेक्षा मला तुझ्या झोपेची काळजी आहे. रात्री एकला झोपणारी मुलगी सकाळच्या लेक्चरला कशी दिसते? सुजलेली, गप्प, कुणी बोलावू नये अशी. पण सोडून दे असं मी म्हणणार नाही. जपानात ही मालिका पहिल्यांदा दाखवली ती सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांचा एक तुकडा अशी, आणि आठवड्याअखेरीला ते पाचही एकत्र. 26 भागांचे असे 130 तुकडे. म्हणून तर प्रत्येक भागात मधे मधे नव्या शीर्षकाची पाटी येते. तूही तशीच बघ. रोज जेवण झाल्यावर एक तुकडा, उरलेलं शनिवारी. एका रात्रीत सहा भाग ओढलेस की तीन वर्षं चार-पाच दिवसांत सरतात, आणि मग आपले चार महिने फार लांब वाटू लागतात. संपल्यावर येणारं तुझं ते रडू निम्मं तरी यातूनच येत असावं.

सगळं बघून संपलंच तर याच लेखकाची पुढची चित्रकथा आहे, ‘योत्सुबा’, 2003 पासूनची. तिची ॲनिमे नाही, वाचावीच लागते. इंग्रजी भाषांतर सोपं आहे. ती शाळेची गोष्ट नाही, पाच वर्षांची एक पोर आणि तिचे रोजचे दिवस. पण ती सहामाही झाल्यावर. आणि शक्यतो त्या प्रॅक्टिकलवालीकडून मागून घे. तिच्याकडे नसेल तर तू विकत घे आणि आधी तिला दे.